तीव्र लघुदृष्टी आणि दृष्टिपटलाचे विकार

जवळचे स्पष्ट आणि लांबचे अंधुक दिसणे या दोषाला लघुदृष्टी म्हणतात. चष्म्याचा नंबर उणे ६ डायऑप्टर किंवा त्याहून अधिक असल्यास ती सामान्यतः तीव्र लघुदृष्टी समजली जाते. प्रौढ व्यक्तीच्या निरोगी नेत्रगोलाची समोरून मागेपर्यंतची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. तीव्र लघुदृष्टीत ती बहुधा २६ मिलिमीटरच्या पुढे जाते आणि आतील दृष्टिपटल ताणले जाऊन पातळ होते. लेसर शस्त्रक्रियेने नंबर उतरला तरी नेत्रगोलाची लांबी कमी होत नाही. त्यामुळे दृष्टिपटलाचा धोका कायम राहतो.

पातळ झालेल्या कडेच्या भागात छिद्रे किंवा चिरा पडू शकतात. त्यांतून द्रव मागे शिरल्यास दृष्टिपटल जागेवरून सुटते. यालाच व्यवहारात ‘डोळ्याचा पडदा सरकणे’ म्हणतात. यात वेदना होत नसल्याने दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. डोळ्यांपुढे अचानक अनेक काळे ठिपके तरंगणे, प्रकाशाचे लखलखाट दिसणे किंवा एका बाजूने सावली पसरणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते. मध्यभागातील पीतबिंदू सुटण्यापूर्वी उपचार झाल्यास दृष्टी वाचण्याची शक्यता अधिक असते.

एके काळी हा विकार असाध्य मानला जाई. चीर बंद केल्यास दृष्टिपटल पुन्हा चिकटते, हे स्वित्झर्लंडमधील लोझान येथील नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले. आजचे उपचारही याच तत्त्वावर आधारलेले आहेत. केवळ चीर असल्यास बहुधा लेसर पुरेसा ठरतो. पडदा सुटल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

दुसरा गंभीर विकार पीतबिंदूचा आहे. तेथे नाजूक रक्तवाहिन्या वाढून रक्तस्राव झाल्यास सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. डोळ्यात दिल्या जाणाऱ्या विशिष्ट इंजेक्शनांनी ही वाढ रोखता येते. मात्र पीतबिंदूची झालेली झीज भरून येत नाही.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०५० पर्यंत जगातील सुमारे निम्म्या लोकसंख्येला लघुदृष्टी असेल, असा अंदाज आहे. मुलांनी दिवसा मोकळ्या उजेडात अधिक वेळ घालवल्यास हा दोष उद्भवण्याची शक्यता कमी होते. मोठा नंबर असलेल्यांनी त्रास नसतानाही वर्षातून एकदा, बाहुली विस्फारणारे थेंब घालून दृष्टिपटलाची तपासणी करून घेणे हितावह ठरते.