‘एज ऑफ टुमॉरो’ : रोज मरण, रोज तीच सकाळ

एकच दिवस माणसाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा यावा आणि त्याची आठवण मात्र त्या एकट्यालाच राहावी, ही विज्ञानकथेतील जुनी कल्पना ‘टाइम लूप’ या नावाने परिचित आहे. तिला युद्धपटाची जोड देणारा गाजलेला चित्रपट म्हणजे डग लायमन दिग्दर्शित ‘एज ऑफ टुमॉरो’ (२०१४).

चित्रपटाचा आधार हिरोशी साकुराझाका यांची ‘ऑल यू नीड इज किल’ ही २००४ साली प्रसिद्ध झालेली जपानी कादंबरी. व्हिडिओ गेममध्ये खेळाडू हरतो आणि पुन्हा आरंभापासून खेळतो, त्यातून लेखकाला ही कल्पना सुचली. कादंबरीचा नायक नवशिका सैनिक आहे. चित्रपटात तो सैन्याच्या प्रसिद्धी विभागातील मेजर विल्यम केज (टॉम क्रूझ) होतो.

कथानक

‘मिमिक’ या परग्रहवासीयांनी युरोप व्यापला आहे. इतरांना लढण्याचे आवाहन करणारा केज स्वतः मात्र आघाडीवर जाण्याचे टाळतो. परिणामी त्याचे पद हिरावले जाते आणि त्याला साधा सैनिक म्हणून फ्रान्सच्या किनाऱ्यावर धाडले जाते. तेथे काही क्षणांतच तो मरतो; पण मरताना शत्रूच्या एका विशेष जीवाचे रक्त त्याच्या अंगात भिनते आणि तो आदल्या दिवशीच्या सकाळी जागा होतो. पुढे प्रत्येक मरणानंतर हेच घडत राहते. रिटा व्रतास्की (एमिली ब्लंट) ही रणरागिणी एकेकाळी याच अनुभवातून गेलेली असल्याने तिचा त्याच्यावर विश्वास बसतो. सरावात तो जायबंदी झाला, की ती त्याला निर्विकारपणे गोळी घालते. दिवस पुन्हा सुरू व्हावा, एवढाच तिचा हेतू!

खरे मर्म

प्रथमदर्शनी येथे मरणाला किंमत उरत नाही, असे वाटते. चित्रपटाचे बळ मात्र नेमके याच्या उलट आहे. केजपाशी आठवणींची भर पडत जाते, तर रिटाला तो दर वेळी अनोळखीच असतो. एका ओसाड शेतघरात तो तिच्या कॉफीत किती साखर घालायची हे न विचारताच जाणतो, तेव्हा हे क्षण पूर्वी अनेकदा येऊन गेल्याचे तिला उमगते. तेथून पुढे गेल्यास तिचा मृत्यू अटळ आहे, हेही तो जाणून असतो. पळपुटा माणूस शूर होतो तो कौशल्यामुळे नव्हे, तर या ओझ्यामुळे. पुढे रक्त चढवल्यामुळे त्याची शक्ती जाते आणि एकदाच मरण्याची सामान्य माणसाची भीती त्याला परत मिळते.

अमेरिकेत हा चित्रपट ६ जून २०१४ रोजी, नॉर्मंडीच्या लढाईला ७० वर्षे होत असताना, प्रदर्शित झाला. सुमारे १७.८ कोटी डॉलर खर्चून त्याने जगभरात सुमारे ३७ कोटी डॉलर मिळवले. अमेरिकेतील प्रतिसाद बेताचा असला, तरी पुढे घरबसल्या पाहणाऱ्यांनी त्याला उचलून धरले.

आपल्याकडे

‘ग्राउंडहॉग डे’ (१९९३) आणि ‘सोर्स कोड’ (२०११) ही या प्रकारातील आणखी दोन ठळक नावे. भारतात तमिळ ‘मानाडू’ (२०२१) याच वाटेने गेला. गोव्यात घडणारा हिंदी ‘लूप लपेटा’ (२०२२) हा ‘रन लोला रन’ या जर्मन चित्रपटाचा अवतार; त्याच्या सावी आणि सत्या या जोडीत सत्यवान-सावित्रीची आठवण जपलेली आहे. मराठी वाचकाला मात्र या निमित्ताने डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवेल. तेथे दिवस पुन्हा येत नाही. पण विश्वासरावांना लागलेली एक गोळी चुकती तर इतिहास कोणते वळण घेता, हा प्रश्न आहे. केज रोज सकाळी नेमका हाच प्रश्न घेऊन उठतो. फरक इतकाच, की त्याला तो सोडवण्याची संधी पुन्हा पुन्हा मिळते आणि तिची किंमतही त्यालाच मोजावी लागते.