नगरच्या किल्ल्यातील पहाटेचा चहा : १९४२ ते १९४५

पुण्याहून नगरला जाण्याच्या दोन जुन्या वाटा आहेत. सडकेने गेल्यास शिरूर लागते आणि रेल्वेने गेल्यास दौंड. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. तेव्हापासून पुण्याकडून आलेल्या गाडीचे इंजिन दौंडला सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचे, मग गाडी उलट तोंडाने निघून भीमेचा पूल ओलांडायची आणि नगरच्या दिशेने लागायची, असा रिवाज होता. हा वळसा वाचवणारी कॉर्ड लाईन अगदी अलीकडची.

रविवार, ९ ऑगस्ट १९४२ रोजी याच मार्गाने एक खास गाडी नगरकडे गेली. आदल्या रात्री मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला होता. पहाट उजाडण्यापूर्वीच काँग्रेसच्या नेत्यांना उठवून गाडीत बसवण्यात आले. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले. कार्यकारिणीचे सभासद पुढे नगरच्या भुईकोट किल्ल्यात पोहोचले. त्यांना तेथे ठेवले आहे, हे सरकारने बराच काळ जाहीर केले नाही.

आतील माणसे बारा होती : मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, आचार्य कृपलानी, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. सुटका केव्हा होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण खटला नव्हता आणि शिक्षेची मुदतही नव्हती. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्र नाही, पत्र नाही, भेट नाही. आझादांजवळ एक लहानसा रेडिओ होता, तोही काढून घेण्यात आला.

राजकीय इतिहासात या पावणेतीन वर्षांना सहसा एक ओळ मिळते : ‘नेते स्थानबद्ध होते.’ त्या एका ओळीच्या आत दिवस कसे जात होते, हे या धाग्यात पाहू. याचे साहित्य उत्तम उपलब्ध आहे, कारण त्या बारा जणांतील बरेच जण लिहिणारे होते.

आरंभ मौलानांपासून. मौलाना पहाटे तीन-चारला उठत. ही त्यांची जुनी सवय, तुरुंगातही मोडली नाही. बाकीचे अकरा झोपेत असताना ते स्वतःच्या हाताने चहा करीत आणि लिहायला बसत. चहा चिनी, मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास लावलेला आणि बिनदुधाचा. दूध-साखर घालून उकळलेल्या आपल्या देशी चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. त्यांच्या मते तो एक पातळ हलवा होता. (दौंड स्थानकावर उतरून आल्याचा कडक चहा घेणाऱ्या वाचकांनी राग मानू नये, मौलानांचा हा निकाल साऱ्या हिंदुस्थानाविरुद्ध आहे.) युद्धामुळे चिनी चहा दुर्मिळ झाला होता. त्यामुळे प्रत्येक पेल्यामागे उरलेल्या साठ्याचा हिशेब असे, आणि त्या हिशेबातही त्यांना गंमत वाटे.

चहा घेत ते लिहीत ती पत्रे होती. अलिगढकडील आपले स्नेही नवाब सदर यार जंग, म्हणजे हबीबुर रहमान खान शेरवानी, यांना उद्देशून लिहिलेली. पुढे पत्रांना परवानगी मिळाली तीही जवळच्या नातलगांपुरतीच. स्नेह्याला पत्र पाठवण्याची सोय नव्हती. मौलाना लिहीत आणि कागद ठेवून देत. जे टपालात पडणार नाही असे पत्र रोज पहाटे मन लावून लिहायचे, ही गोष्ट क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहा. त्यात राजकारण जवळजवळ नाही. ईश्वर, तत्त्वज्ञान, इतिहास, संगीत, बाग आणि चहा आहे. आणि चिमण्या आहेत.

चिमण्यांचे प्रकरण मोठे रंगतदार आहे. जुन्या बराकीच्या छतात त्यांची घरटी होती. दिवसभर काड्या आणि कचरा मौलानांच्या टेबलावर पडे. त्यांनी प्रथम युद्ध पुकारले. छत्री उगारली, मग लांब बांबू आणला. शत्रू पळाला आणि तासाभरात परत आला. मौलानांनी हे सारे एखाद्या बखरकाराच्या थाटात, चढाया आणि माघारी मोजत लिहिले आहे. शेवटी त्यांनी तह केला : तांदळाचे दाणे मांडून निश्चल बसायचे. पक्षी हळूहळू जवळ आले, धीट झाले, अंगाखांद्यावर बसू लागले. मग स्वभाव पाहून त्यांची नावे पडली. एक बेधडक होता, तो कलंदर. एक नाजूक मादी, ती मोती. एक सतत कलकलाट करणारा, तो मुल्ला! हे नाव ठेवणारा माणूस स्वतः मोठा धर्मपंडित होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विनोदाची चव कळते.

नावे ठेवण्याचा हा छंद पक्ष्यांपुरता राहिला नाही. तुरुंगाच्या अधीक्षकाला मौलानांनी ‘चीता खान’ म्हणायला सुरुवात केली. हे नाव त्यांनी चाँदबिबीच्या अखेरच्या दिवसांतील एका किल्लेदाराच्या कथेतून उचलले होते. १५९५-९६ साली मोगलांविरुद्ध हाच किल्ला चाँदबिबीने लढवला, आणि पुढे तिचा अंत आपल्याच लोकांच्या हातून झाला. नगरच्या तटबंदीत बसून नगरचाच इतिहास पहारेकऱ्याच्या अंगावर चढवायचा, ही करामत वाचून कोणाही इतिहासप्रेमीला हसू येईल.

नेहरूंचा मार्ग निराळा होता. त्यांना हातांना काम हवे असे. त्यांनी आवारात बाग करायला घेतली. जमीन अगदी वाईट : दगड, चुना आणि जुन्या बांधकामांचा राडारोडा. उन्हात कुदळ चालवून त्यांनी वाफे तयार केले. खणताना जुन्या भिंतींचे भाग आणि गाडल्या गेलेल्या इमारतींचे माथे वर येऊ लागले. एकदा भिंतीवर कोरलेले सुंदर दगडी कमळ सापडले. अर्थात फार खोल खणण्याची परवानगी नव्हती. भुयार निघेल अशी सरकारला भीती वाटली असल्यास नवल नाही. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी येथेच ‘भारताचा शोध’ लिहिला, आणि फुलांच्या वाफ्यासाठी खणताना भूतकाळ हाती लागतो ही गोष्ट त्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात आली आहे.

त्याच प्रकरणाच्या आरंभी चंद्र येतो. आपण या किल्ल्यात आलो तेव्हा आकाशात नवी चंद्रकोर होती आणि शुक्ल पक्ष सुरू झाला होता, असे नेहरू लिहितात. येथे थोडे पंचांग उघडू. १२ ऑगस्ट १९४२ रोजी आषाढी अमावास्या होती, आपली दिव्यांची अवस. त्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहणही झाले. म्हणजे ९ ऑगस्टला कृष्ण पक्ष सरत आला होता आणि संध्याकाळच्या आकाशात चंद्रकोर असणे शक्यच नव्हते. ती दिसली असेल श्रावण लागल्यावर, चार-पाच दिवसांनी. वीस महिन्यांनंतर आठवताना नेहरूंनी ते मधले दिवस गाळले. चूक काढण्यासाठी हे सांगत नाही. आठवणींचा पुरावा कसा वाचावा, याचा हा नमुना आहे : तारीख सरकली आहे, पण पहिल्या आठवड्यात त्या माणसाला आधार कशाचा वाटला हे त्यातून अचूक कळते. वर्तमानपत्र बंद करता येते, पत्रे अडवता येतात. तिथी अडवता येत नाही. चंद्रावरून महिने मोजता येत होते, आणि ते मोजमाप सरकारने दिलेले नव्हते.

मला या साऱ्या छोट्या सुखांचे मर्म येथे दिसते. मुदत नसलेल्या कैदेत दिवसाला आकार राहत नाही. या माणसांनी तो स्वतः घडवला. पहाटेचा चहा, बागेची वेळ, बॅडमिंटन, संध्याकाळचे गप्पाष्टक. सरदार पटेल ब्रिज खेळत. पट्टाभींनी पुढे ‘फेदर्स अँड स्टोन्स’ म्हणून प्रसिद्ध झालेली टिपणे लिहिली, महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहायला घेतला, दम्याने बेजार झालेले नरेंद्र देव वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या अनुवादात गढले. मौलानांनी तर कैदेतही आनंदी राहणे हे नैतिक कर्तव्य मानले. त्यांचा युक्तिवाद साधा आहे : आपली उदासी आपल्यापाशी थांबत नाही, शेजाऱ्याच्या खोलीत शिरते.

पण हे चित्र एवढ्यावर सोडले तर ते खोटे ठरेल.

किल्ल्यात ताटवाट्यांविषयी तक्रार केली की बदलून मिळत. त्यांची कामे करण्यासाठी शिक्षा झालेले कैदी आणलेले होते. त्यांच्या नशिबी बाग आणि ग्रंथलेखन नव्हते. दौंडहून नगरला जाताना वाटेत विसापूर लागते. तेथील तुरुंगात १९३२ च्या कायदेभंगातील सामान्य सत्याग्रहींना ठेवले होते, आणि त्यांच्या आठवणींत खडी, रोगराई आणि कदान्न यांचेच वर्णन अधिक आहे. एकाच लोहमार्गावरचे हे दोन तुरुंग. फुरसत हीसुद्धा वर्गवार वाटली जात होती.

आणि तटाबाहेर देश पेटला होता. वर्तमानपत्रे मिळू लागली तशी एकेक बातमी आत येऊ लागली. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आगाखान पॅलेसमध्येच वारले होते. ९ सप्टेंबरला नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेला शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले. १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ आला, लाखो माणसे अन्नावाचून मेली. घोष बंगालचे, मौलानांचे घर कलकत्त्याला. वाफ्यांना पाणी घालून आत आल्यावर हातात पडणारा कागद हा असा असे. नेहरूंच्या ग्रंथात फुलांचा आणि दुष्काळाचा उल्लेख एकाच प्रकरणात येतो तो काही योगायोग नव्हे.

सर्वांत कठीण कसोटी मौलानांची झाली. १९४३ च्या आरंभी त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात अत्यवस्थ असल्याच्या तारा येऊ लागल्या. सरकारकडे काही विनंती करायची असल्यास ती तत्काळ पोहोचवतो, असे अधीक्षकाने सुचवले. मौलानांनी नकार दिला. नेहरू येऊन बोलले, तरीही निर्णय बदलला नाही. ज्या सरकारला ‘चालते व्हा’ म्हटले त्याच्यापुढे अर्ज करणार नाही, हा त्यांचा बाणा.

मग त्यांनी काय केले? दिनक्रम सांभाळला. ठरलेल्या वेळी जेवायला बसले, ठरलेल्या वेळी बोलले. ९ एप्रिल १९४३ रोजी झुलेखा बेगम गेल्या. दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात मौलाना स्वतःविषयी निर्दयपणे प्रामाणिक आहेत. ती स्थिरता म्हणजे काही अंशी सोंग होते, मनाचा अहंकार आपली भूमिका वठवत होता आणि आतून शरीर खचत होते, असे ते कबूल करतात. आवारात एक जुनी कबर होती, कोणाची ते कोणास ठाऊक नव्हते. इतके महिने ती नजरेसमोर होतीच. आता तिच्याकडे पाहिले की वेगळेच काही वाटते, असे त्यांनी लिहिले.

चहाच्या आणि चिमण्यांच्या पत्रांशेजारी हे पत्र ठेवून वाचावे. मौलानांना सारेच हसण्यावारी नेण्याची कला साधली होती, असा समज चिमण्यांच्या गोष्टीवरून होतो. तो या पत्राने पुसला जातो. दिनक्रम त्यांना दुःखातून वाचवू शकला नाही. उभे मात्र ठेवू शकला.

२८ मार्च १९४५ ही या तुरुंगवासाची अखेरची तारीख म्हणून नेहरूंनी आपल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत नोंदवली आहे. तो ग्रंथ त्यांनी आपल्या सहबंद्यांनाच अर्पण केला. त्यानंतर सर्वांची पांगापांग झाली. मौलानांना बंगालमध्ये बांकुड्याला हलवले, नेहरूंना उत्तरेतील तुरुंगांत. दोघे १५ जून १९४५ रोजी सुटले. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात असून नेत्यांच्या खोल्या जतन करून ठेवल्या आहेत.

मौलानांचे कागद त्यांचे चिटणीस मोहम्मद अजमल खान यांनी एकत्र केले आणि १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. शेरवानी तेव्हा हयात होते. एकही तिकीट न लावलेली ती पत्रे त्यांच्यासाठी छापील पुस्तक होऊन आली, चहा आणि चिमण्यांसकट.