ओरखडा भरतो की झिजतो?

मोटारीच्या रंगावरचा बारीक ओरखडा पॉलिशने नाहीसा होतो. तो भरून आला, असे आपल्याला वाटते. खरे काय घडते? हा वाद मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे.

१७०४ साली 'ऑप्टिक्स' या ग्रंथात न्यूटनने काचेच्या झिलईविषयी लिहिले. पूड काचेवर ओरखडेच पाडते; पूड जितकी बारीक, तितके ओरखडे बारीक. ते दिसेनासे झाले, की आपण काच गुळगुळीत झाली असे म्हणतो. जॉर्ज बेलबी यांचे मत निराळे होते. घासताना पृष्ठभागाचा पातळ थर द्रवासारखा वाहतो व खाचा बुजवतो, असे त्यांनी १९२१ सालच्या पुस्तकात मांडले. पुढे सूक्ष्मदर्शकांखाली झिलई केलेल्या धातूंवरही बारीक चरे आढळले, आणि न्यूटनचे पारडे जड झाले.

मोटारीचा रंगही मुख्यतः झिजतोच. आजच्या बहुतेक मोटारींवर रंगावर पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कमी. ओरखडा वर येत नाही, भोवतालचा थर त्याच्या तळापर्यंत खाली येतो. म्हणून आधी धूळ पाण्याने धुवावी. तिचे कणही ओरखडेच पाडतात. सर्वांत बारीक पॉलिशने, हलक्या हाताने सुरुवात करावी. नख अडकेल इतका खोल ओरखडा घासत बसू नये. झिजलेला थर पुन्हा वाढत नाही.