ओरंगीची गटारे



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि तख्ते आमच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. गटारांचा इतिहास सांगू लागलो तर श्रोते नाकाला रुमाल लावतील, अशी आम्हांस धास्ती वाटते. तथापि स्थानिक स्वराज्य ज्यांना प्रिय आहे, त्यांनी तोही ऐकला पाहिजे. म्हणून आज आम्ही कराचीच्या ओरंगी वस्तीची हकीकत निवडली आहे. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता; तेव्हा हे शहर आपणांस अगदीच परके नव्हे.

ओरंगी 1965 च्या सुमारास वसू लागली आणि 1971 च्या युद्धानंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी झपाट्याने वाढली. घरे लोकांनी स्वतःच उभारली. पण घरातून बाहेर पडणाऱ्या मैल्याची सोय कोणी केली नाही. सांडपाणी गल्लीतून वाहे आणि मुले त्याच्याच कडेला खेळत. गटार बांधणे हे सरकारचे काम, तेही फुकट, अशी लोकांची समजूत होती. सरकार काही येत नव्हते.

1980 साली तेथे आले अख्तर हमीद खान. जन्म आग्र्याचा, 1914 चा. आय. सी. एस. ची नोकरी बंगालच्या दुष्काळानंतर सोडून त्यांनी अलीगढजवळ कुलुपे करण्याचे काम पत्करले होते. पुढे पूर्व पाकिस्तानात कोमिल्ला येथे त्यांच्या ग्रामविकासाच्या कार्याने नाव मिळवले. ओरंगीत ते प्रथम हिंडले आणि लोकांशी बोलले. ज्यांनी घर बांधले त्यांना गटारही बांधता येईल, हे त्यांनी ओळखले.

त्यांनी एकक धरले ते गल्लीचे. वीस-तीस घरे, सारे एकमेकांस ओळखणारे. गल्लीने आपला एक प्रमुख निवडावा; त्याने वर्गणी गोळा करावी; संस्थेने उतार मोजून नकाशा व खर्चाचा अंदाज द्यावा, अवजारे उसनी द्यावीत. लोकांचा पैसा मात्र संस्थेच्या हाती कधीच यायचा नाही. त्यामुळे संशयाला जागा उरली नाही. कंत्राटदार वगळल्याने खर्च घरामागे सुमारे 1000 रुपयांवर आला. सुरुवातीची काही कामे फसली, काँक्रीट कच्चे राहिले; मग गवंड्यांना शिकवण्यात आले, मॅनहोलसाठी लोखंडी साचे आणले. घर व गटार यांच्यामध्ये एक लहान हौदी ठेवली, म्हणजे गाळ तेथेच बसावा आणि नळ तुंबू नये. शतक संपेपर्यंत सुमारे 90 हजार घरांनी आपली गटारे अशी बांधली.

येथवरची गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, 'मग सरकार हवेच कशाला?' येथेच आम्हांस थांबावेसे वाटते. गल्लीचे गटार अखेर नाल्यालाच मिळते, आणि नाला बांधून शुद्धीकरणाची सोय करणे कोणत्याही गल्लीच्या आवाक्यातले नाही. म्हणून ओरंगीच्या कार्यकर्त्यांनी वाटणी केली: घरातला संडास, गल्लीचे गटार आणि त्यांना जोडणारे गटार लोकांचे, मोठा नाला व शुद्धीकरण सरकारचे. पहिला भाग लोकांनी पार पाडला. दुसऱ्यासाठी सरकारचा पिच्छा पुरवावा लागला.

त्या कामी परवीन रहमान या वास्तुविशारद बाईंनी नकाशांचे शस्त्र केले. जमिनीखाली खरोखर काय आहे, हे त्यांच्या नकाशांनी दाखवले. पुढे शहराचे पाणी कोठे चोरले जाते, वस्त्यांच्या जमिनी कशा बळकावल्या जातात, याचीही त्यांनी नोंद केली. 13 मार्च 2013 रोजी कामावरून घरी जाताना त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले.

गटाराच्या इतिहासातही माणसांचे प्राण खर्ची पडतात, ते असे. आपल्या गल्लीत पाणी तुंबले की आम्ही नगरपालिकेला शिव्या देतो आणि दार लावून घेतो. आमच्या वाट्याचे किती आणि तिच्या वाट्याचे किती, हा हिशेब आम्ही कधी शेजाऱ्यांसह बसून केला आहे काय? ओरंगीच्या गरिबांनी तो केला. मग त्यांनी आपला वाटा भरून, उरलेला मागण्याचा अधिकार मिळवला.