पाडा (मुंबई उपनगर)

पाडा : मूळ गावठाणापासून अलग, शेताला किंवा रानाला लागून वसलेली थोडक्या घरांची वस्ती. ठाणे व पालघर जिल्ह्यांच्या आदिवासी भागात हा शब्द रूढ आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यातही गोरेगाव, अंधेरी, बोरिवली, भांडुप आणि मुलुंड यांच्या डोंगराकडच्या बाजूला असे पाडे आहेत. त्यांत मुख्यतः वारली, शिवाय मल्हार कोळी, कोकणा व कातकरी कुटुंबे राहतात. पाड्याला वेस नसते, तटबंदी नसते, आणि बहुधा सातबाराही नसतो. त्यामुळे तेथील राहणी, मालमत्ता आणि सुरक्षितता हे तीन विषय एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

विस्तार : पाड्यांचे दोन मोठे समूह आहेत. आरे दुग्ध वसाहतीच्या हद्दीत २७ पाडे असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. केलटीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, वणीचा पाडा, चाफ्याचा पाडा, मरोशीपाडा आणि दादासाहेब फाळके चित्रनगरीलगतचा हबालेपाडा ही त्यांतली काही नावे. दुसरा समूह सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात व त्याच्या काठाने आहे. बोरिवलीच्या बाजूचे नवापाडा, रावणपाडा, चुनापाडा आणि तुमणीपाडा हे त्यांतले. पाड्याचे नाव बहुधा एखाद्या माणसावरून, झाडावरून किंवा देवावरून पडते.

इतिहास : साष्टी बेटाच्या या डोंगराळ मध्यभागी आरे, साई, गुंडगाव, पासपोली, मरोशी, प्रजापूर अशी गावे होती. मुंबईची तहान भागवण्यासाठी याच खोऱ्यांत विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव बांधले गेले. स्वातंत्र्यानंतर शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहतीची उभारणी सुरू झाली. या योजनेचे प्रमुख दारा खुरोडी यांना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मिळाला. सुमारे ३,१६० एकर जमीन वसाहतीकडे आली आणि तिच्यावरचे पाडे जागच्या जागी राहून सरकारी जमिनीवरचे रहिवासी ठरले.

याच सुमारास शहराची हद्द वाढत होती. बृहन्मुंबईत १९५० मध्ये अंधेरीकडची आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंडपर्यंतची उपनगरे आली. त्यामुळे ग्रामपंचायतीचा प्रश्नच उरला नाही. पाडा राहणीने गाव राहिला, कारभाराने महापालिकेच्या प्रभागात गेला.

घर व उदरनिर्वाह : पाड्यातले जुने घर कुडाचे असते. कारवीच्या वाळक्या काठ्या उभ्या लावून, आडव्या पट्ट्यांनी बांधून, दोन्ही बाजूंनी शेण-मातीचा गिलावा दिला की भिंत तयार होते. भिंत जाड नसली तरी आत गारवा राहतो, आणि बाहेरची चाहूल आत ऐकू येते. गिलाव्यावर गेरूचा हात फिरवून तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो. कारवीला आठ वर्षांनी एकदा फुलोरा येतो आणि बी धरल्यावर झुडूप वाळते. राष्ट्रीय उद्यानात हा फुलोरा २००८, २०१६ व २०२४ मध्ये आला. उद्यानातून काठी तोडणे वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) बंद झाल्यावर कुडाची जागा विटा व पत्रा यांनी घेतली. याचा एक परिणाम घराच्या ऊबेगारव्यापलीकडचा आहे : पत्र्याचा पाडा आणि झोपडपट्टी यांतला फरक बाहेरून पाहणाऱ्याला दिसेनासा होतो.

पावसाळ्यात पाण्याच्या वाटेजवळ भात, परसात काकडी, शिराळी आणि भेंडी घेतली जाते. पहिल्या पावसात शेवळे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी या रानभाज्या मिळतात. ओढ्यात खेकडे व मासे धरतात. स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर पानात बांधलेल्या जुड्या घेऊन बसणाऱ्या बायकांमध्ये पाड्यातल्या बायका असतात. एवढ्यावर घर चालत नाही. पाड्यातली माणसे गोठ्यांत, चित्रनगरीत, बांधकामावर, महापालिकेत आणि घरकामाला जातात.

मालमत्ता : पाड्यात मालकी ओळखण्याची जुनी खूण म्हणजे वहिवाट. बांध कोणी घातला, आंबा कोणाच्या आजोबांनी लावला, विहीर कोणी खणली, हे शेजाऱ्यांना ठाऊक असते आणि वाटणीही त्याच आठवणीवर होते. महसुली दप्तराला ही आठवण पुरत नाही. गावठाणाची हद्द जमीन महसूल संहितेनुसार (१९६६) ठरवता येते. पाडा बहुधा त्या हद्दीबाहेर पडतो आणि जमीन दुग्धविकास, वन किंवा अन्य खात्याच्या नावावर राहते. वीज, नळ, शौचालय यांसाठी मग जमीनमालक खात्याचा ‘ना हरकत’ दाखला लागतो. त्यामुळे काही पाडे एकविसाव्या शतकातही बराच काळ अंधारात राहिले.

वनहक्क कायद्याने (२००६) ‘पाडा’ हा शब्द ग्रामसभेच्या व्याख्येत आणला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर ताबा असलेल्या आदिवासी कुटुंबाला दावा करता येतो. पुराव्यात मतदार ओळखपत्र किंवा शिधापत्रिका चालते. तसेच बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे पाड्याची आठवणच येथे पुरावा होते. अडचण दुहेरी आहे : महानगरात ग्रामसभा कोणती मानायची, आणि जी जमीन दप्तरी ‘वन’ नाही तिच्यावर वनहक्क कसा मागायचा. आरेला वन मानावे ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळली. पुढच्या वर्षी राज्य सरकारने आरेतील सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय जाहीर केला.

जमिनीच्या नोंदीचा फटका केवळ पाड्यालाच बसला असे नाही. मुलुंडमधल्या अनेक इमारतींची जमीन ‘खाजगी वन’ ठरल्याने तेथील सदनिकाधारक कित्येक वर्षे अडकून पडले होते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइस खटल्याच्या निकालात त्यांची सुटका केली.

सुरक्षा : पाड्याचा सर्वांत प्रसिद्ध शेजारी बिबट्या होय. २०१५ च्या कॅमेरा सापळा गणनेत उद्यान व परिसरात ३५ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, आणि कुत्री कचऱ्यावर वाढतात. म्हणून कचरा उचलणे हाच बिबट्याला वस्तीपासून दूर ठेवण्याचा एक उपाय ठरतो. २००४ च्या सुमारास हल्ल्यांत अनेक बळी गेले. त्यानंतरच्या अनुभवातून पकडलेला बिबट्या दुसरीकडे सोडल्याने प्रश्न मिटत नाही, हे वनखात्याच्या ध्यानात आले. २०११ मध्ये अभ्यासक व नागरिकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा जनजागृतीचा उपक्रम सुरू झाला. २०२१ च्या पावसाळ्याअखेरीस आरेत पुन्हा लागोपाठ हल्ले झाले.

पाड्याचे स्वतःचे नियम साधे आहेत. अंधार पडला की मूल एकटे बाहेर सोडायचे नाही. विजेरी व काठी घेऊन, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणे लावून चालायचे. कोंबड्या-शेळ्या बंद खुराड्यात ठेवायच्या. उघड्यावर शौचास बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासतो. त्यामुळे दाराजवळचे शौचालय आणि वाटेवरचा दिवा ही येथे जीव वाचवणारी साधने आहेत, आणि तीच ‘ना हरकत’ दाखल्याअभावी अडतात. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना राज्य सरकारकडून २०२३ पासून २५ लाख रुपये साहाय्य मिळते. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

भीतीबरोबर श्रद्धाही आहे. वारली समाज वाघोबाला देव मानतो आणि वाघ या शब्दात बिबट्याही येतो. आरेत वाघोबाचे मंदिर आहे. दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस साजरी होते. वाघोबाला त्याचा मान दिला की तो गुराढोरांना व माणसांना सांभाळतो, अशी समजूत आहे.

विस्थापन : राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी दिला. पात्र झोपडीधारकांसाठी चांदिवली येथे पुनर्वसन झाले. ‘अतिक्रमण’ या एकाच शब्दाखाली नंतर आलेल्या झोपड्या आणि आधीचे पाडे दोन्ही येण्याचा धोका तेव्हापासून वारंवार पुढे आला. मेट्रो ३ च्या आरेतील कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातील कुटुंबे २०१७ मध्ये अंधेरीतील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत हलवली गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच कामासाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली, तेव्हा बहुतेक तोड झालेली होती. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे चित्रनगरीच्या बाजूने डोंगरात शिरतात. त्यामुळे हबालेपाड्यासमोरही विस्थापनाचा प्रश्न उभा राहिला.

झोपडपट्टी पुनर्वसनात ३०० चौरस फुटांची पक्की सदनिका मिळते. तेथे वीज, नळ, शौचालय येते आणि बिबट्याची भीती संपते. भात, परस, आंबा आणि ओढा यांची भरपाई मात्र त्या हिशेबात बसत नाही, कारण तो हिशेब मोजतो छप्पर आणि त्याखालची जागा. म्हणून अनेक पाड्यांतील रहिवाशांची मागणी अधिक मोठ्या घराची नसून, आहे त्या जागी वीज-पाणी आणि जमिनीवर नाव, अशी असते.