क्षमा केली की कागद उरत नाही

‘ख्रिस्ती क्षमा’ या विषयावर इतिहासाचं संशोधन करायचं म्हटलं, की आधी साधनांची अडचण येते. माणसाने चूक कबूल केली, त्याला माफी मिळाली, तो पुढे गेला. यातलं कागदावर काय उमटतं?

उदाहरण घरचंच घेऊ, साष्टीचं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हे सगळं जुन्या साष्टी बेटावरचं. 1534 च्या वसई तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि 1737-39 च्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. मधली दोनशे वर्षं धर्मांतराची. बोरिवलीचं मंडपेश्वर पाहा. मूळ शैव लेणं, सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याचं चर्च केलं. आज तिथे नटराजही दिसतो आणि कोरलेला क्रूसही. आता, बाप्तिस्मा झाला म्हणून घरातली जुनी व्रतं, जुने विधी एका पिढीत सुटतात का? सुटत नाहीत. आणि चर्चच्या लेखी ते पाप. मग त्याची माफी मागायची कुठे?

एक जागा म्हणजे पाद्र्याजवळचं पापनिवेदन, आपण ज्याला कन्फेशन म्हणतो ते. 1215 च्या लॅटरन परिषदेने ते वर्षातून एकदा तरी सक्तीचं केलं आणि ऐकलेलं बाहेर न सांगण्याचं बंधन पाद्र्यावर घातलं. म्हणजे इथे नोंद होणारच नाही. ज्याला खरोखर माफी मिळाली, तो इतिहासातून गायबच!

पण तेच कृत्य धर्मद्रोहात मोडलं, तर गाठ इन्क्विझिशनशी. गोव्यात हे न्यायासन 1560 मध्ये बसलं आणि त्याचा अंमल वसई-साष्टीपर्यंत होता. इथेही भाषा क्षमेचीच, हे लक्षात घ्या. कबुली देऊन पश्चात्ताप दाखवणाऱ्याला चर्चमध्ये ‘परत सामावून’ घेतलं जाई. त्यासाठी पोर्तुगीजमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी समेट झालेला माणूस. मात्र त्याची कबुली लिहून ठेवली जाई, आणि तोच माणूस पुन्हा त्याच आरोपाखाली सापडला तर जुना कागद त्याच्याविरुद्ध पुरावा ठरे. दुसऱ्यांदा सापडणाऱ्याला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा होती. माझ्या मते याला क्षमा म्हणणं अवघड आहे. झालं गेलं विसरायची सोयच नाही, ती कसली क्षमा? पण गंमत अशी (गंमत हा शब्द इथे जरा बोचतो), की आपल्यापर्यंत पोचते ती हीच बाजू.

तीही अर्धवट. 1812 मध्ये न्यायासन कायमचं बंद झालं आणि बहुतेक खटल्यांचे कागद नष्ट झाले. हाती उरली ती मुख्यतः एक सूची. जुआंव देल्गादु फिगैरा या इन्क्विझिटरने 1623 मध्ये सुमारे 3800 खटल्यांची यादी तयार केली, ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. काम करणाऱ्यांनी एक सांभाळा: पोर्तुगीज कागदांत ‘साल्सेत’ दोन आहेत, एक गोव्यातला सासष्टी तालुका आणि एक आपलं हे बेट. संदर्भ न पाहता आकडे मोजलेत तर मडगावची माणसं मालाडला येतील.

आता दुसरी दिशा. संस्थेने स्वतः माफी मागितली तर? 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या माणसांच्या गतकाळातल्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. त्या प्रार्थनेत गोवा किंवा साष्टी अशी नावं नव्हती, सगळं सर्वसाधारण. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने या विषयावर दस्तऐवज काढला. त्याची भूमिका अशी, की आधी काय घडलं ते इतिहासाच्या रीतीने ठरवा, मगच चूक कोणाची आणि माफी कशाची ते बोला. म्हणजे चेंडू परत आपल्या कोर्टात. साष्टीपुरतं हे ठरवायचं तर पोर्तुगीज शिकावी लागेल, आणि सुरुवात लिस्बनच्या त्या यादीपासून.