मधुमेही मांजराचे जेवण: घड्याळ आणि ताटली

मांजराला मधुमेह झाल्याचे कळले की घरात पहिला प्रश्न निघतो तो वेळेचा: किती वाजता खायला घालायचे? उत्तरही ठरलेले असते. सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने जेवण आणि सोबत इन्सुलिन. हे वेळापत्रक चुकीचे नाही, पण त्यामागचा विचार माणसांच्या आणि कुत्र्यांच्या मधुमेहातून आलेला आहे. मांजराच्या बाबतीत घड्याळापेक्षा ताटली महत्त्वाची. तिच्यात काय पडते आणि त्यातले किती पोटात जाते, यावर उपचाराचे यश ठरते.

याचे कारण मांजराच्या शरीररचनेत आहे. ते पक्के मांसाहारी आहे. त्याच्या लाळेत पिष्ट फोडणारे अमायलेज नसते आणि जेवणानंतर आलेले ग्लुकोज यकृतात ओढून घेणारे ग्लुकोकायनेज जवळजवळ निष्क्रिय असते. उलट प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपासून ग्लुकोज तयार करण्याचे काम त्याचे यकृत पोट भरलेले असतानाही चालू ठेवते. म्हणून मांसाच्या जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. पिष्ट भरपूर असले तर मात्र ती चढते आणि बराच वेळ उतरत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या जॅकी रँड यांनी सहकाऱ्यासह 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसभर हवे तेव्हा खाणाऱ्या मधुमेही मांजरांच्या खाण्याचा आणि रक्तातल्या साखरेचा थेट मेळ दिसला नाही. तेव्हा दिवसभर थोडे थोडे टिपणाऱ्या मांजराला बळेच दोन जेवणांवर आणण्याचा अट्टहास, विशेषतः दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन चालू असताना, करू नये असे माझे मत आहे. दिवसाचा एकूण वाटा मोजलेला असला म्हणजे झाले.

आता ताटलीत काय घालायचे ते पाहू. मधुमेही मांजराच्या आहारात एकूण ऊर्जेपैकी पिष्टमय पदार्थांचा वाटा साधारण 12 टक्क्यांच्या आत असावा, असे मानले जाते. पाकिटावर हा आकडा सहसा नसतो. तो काढावा लागतो. समजा, कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर प्रथिने 32, स्निग्धांश 12, तंतू 4, ओलावा 10 आणि राख 8 टक्के लिहिले आहे. हे सगळे शंभरातून वजा केले की 34 उरतात, तेच पिष्ट. प्रथिने आणि पिष्टाला ग्रॅममागे 3.5 कॅलरी, स्निग्धांशाला 8.5 धरले तर पिष्टाचा ऊर्जेतला वाटा जवळपास 36 टक्के भरतो. ओल्या खाद्याच्या डब्यावर प्रथिने 11, स्निग्धांश 4, तंतू 1, ओलावा 80 आणि राख 2 असेल, तर तोच हिशेब 9 टक्क्यांवर येतो. पाकिटावरचे आकडे किमान-कमाल मर्यादांचे असल्याने हा अंदाजच, पण खाद्य निवडायला पुरेसा. रश्शाच्या पाऊचमध्ये दाटपणासाठी बहुधा स्टार्च मिसळलेला असतो, म्हणून घट्ट लगद्यासारखे खाद्य बरे.

आपल्याकडे मांजर दूध-भातावर आणि दूध-पोळीवर वाढते. मधुमेहात हे बंदच करावे लागते. मग उकडलेल्या कोंबडीवर भागवू, असे अनेकांना वाटते. नुसत्या कोंबडीत कॅल्शियम पुरेसे नसते, आणि उकडताना टॉरिन पाण्यात उतरते. टॉरिन कमी पडले की मांजराचे हृदय दुबळे होते, हे 1987 मध्ये सिद्ध झाले आहे. घरचे अन्न द्यायचेच असेल, तर त्याचे प्रमाण जाणकार पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार सोबत असेल, तर प्रथिनांचा हिशेबही तेच करतील.

खाद्य बदलताना खरी जोखीम असते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. इन्सुलिनवर असलेल्या मांजराचे पिष्ट एकदम कमी केले की त्याची इन्सुलिनची गरजही घटते. डोस तोच राहिला तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. म्हणून हा बदल पशुवैद्याला सांगून, हळूहळू आणि घरी ग्लुकोमीटरवर साखर तपासत करावा. कानाच्या कडेला जरा ऊब देऊन तिथल्या बारीक शिरेलगत सुई टोचली की थेंबभर रक्त मिळते. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर भीतीनेच वाढलेली असते, त्यामुळे घरचा आकडा अधिक खरा.

लठ्ठ मांजराचे वजन उतरवणे हाही उपचारच. पण आठवड्याला एक टक्क्याच्या आसपासच उतरवावे. मांजराला उपाशी ठेवणे घातक आहे. दोन-तीन दिवस पोटात अन्न गेले नाही तर यकृतात चरबी साठून जीवावर बेतते. निदानाआधी साखर पेशींत शिरत नसल्याने मांजर सतत खा-खा करते; उपचार लागू पडला की ती भूक आटोक्यात येते. मग एखाद्या वेळी ते जेवण टाळूही शकते, आणि रिकाम्या पोटी इन्सुलिन गेले तर साखर फार खाली उतरू शकते. म्हणून आधी खाऊ घालावे, ते खाताना पाहावे आणि मग सुई द्यावी. ताटली तशीच राहिली, तर नेहमीचा डोस न देता पशुवैद्याला फोन करावा. सुई टोचली, पण औषध आत गेले की केसांवर सांडले याची शंका आली, तरी दुसऱ्यांदा टोचू नये. एक डोस हुकल्याने सहसा बिघडत नाही, दुप्पट डोस मात्र जीव घेऊ शकतो. मांजर झोकांड्या देऊ लागले, सुन्न पडले किंवा त्याला झटके आले, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

घरात दोन-तीन मांजरे असली की भूक मोजणेच अवघड होते, कारण एकाचे दुसरे खाते. मधुमेही मांजराला बंद खोलीत खायला घालावे आणि उरलेले काट्यावर तोलून वहीत लिहावे. बाकीच्यांनाही तेच कमी पिष्टाचे खाद्य दिले तर चोरून खाल्ल्याचे भय राहत नाही.

आजार लवकर ओळखला आणि आहार नीट सांभाळला, तर काही मांजरांचे इन्सुलिन पूर्ण सुटते. तेव्हा दाण्यांकडे परत वळू नये. स्वादुपिंडाची क्षमता तोकडीच राहिलेली असते, आणि वजन वाढले किंवा दुसऱ्या दुखण्यासाठी स्टेरॉइड दिले गेले तर मधुमेह परततो. खाद्य तेच ठेवावे, वजन आणि साखर ठरावीक दिवशी तपासत राहावे, आणि मांजर पुन्हा पाणी जास्त पिऊ लागले की लगेच पशुवैद्याकडे न्यावे.